ट्रेनर व्हायला काय लागतं? एक टी-शर्ट

दिवाळीनंतर माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना गोळाफेकीत मीच त्याला जिल्ह्यापर्यंत नेलं होतं. अभ्यासात मात्र त्याला कुणीच कुठे नेऊ शकलं नाही. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकला आणि आता परभणीतल्या एका जिममध्ये सकाळ-संध्याकाळ उभा असतो. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला, मग कप खाली ठेवून म्हणाला, "सर, ट्रेनरचं सर्टिफिकेट काढावं म्हणतोय. पण पन्नास हजारांच्या वर मागायलेत. काढू का?"

मी विचारलं, "आत्ता काय आहे तुझ्याकडं?"

"टी-शर्ट हाय की," असं म्हणून तो हसला आणि वळून पाठ दाखवली. काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत 'ट्रेनर'. मालकानं दिलेला, पहिल्या पगारातून अडीचशे कापून.

ऐकायला विनोद वाटतो, पण कायद्याच्या नजरेनं त्याचं उत्तर बिनचूक आहे. स्टेशनपासून रिक्षा चालवायची तर लायसन्स आणि बॅज लागतो. औषधाच्या दुकानात १९४८ च्या फार्मसी कायद्यानं नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो; तो स्वतः दुकानात नसला तरी त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं असतं, म्हणजे निदान लाज तरी शिल्लक आहे. घराचं वायरिंग करणाऱ्याला वायरमनचा परवाना लागतो. पण रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाच्या खांद्यावर साठ किलोची दांडी ठेवून "बसा खाली" म्हणायला कुठलाच कागद लागत नाही. जिम उघडणाऱ्याला शॉप ॲक्टचं बघावं लागतं, आणि कामगार कमी असतील तर ऑनलाइन सूचना दिली की तेही भागतं. आत उभा असलेला माणूस कोण, त्याला येतं काय, हे विचारणारी खिडकी कुठल्याच कार्यालयात नाही.

शिकायची सोय नाही असं नव्हे. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत 'फिटनेस ट्रेनर' हे काम रीतसर नोंदलेलं आहे, त्याला चौथी पातळी दिलेली आहे, क्रीडा आणि फिटनेस क्षेत्रासाठी वेगळं कौशल्य मंडळ आहे. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली, म्हणजे बी.पी.एड. झालेली पोरं तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ढिगानं सापडतील. शाळांमधली भरती होईना म्हणून कुणी विम्याचं काम करतो, कुणी बापाबरोबर सोयाबीन बघतो. सगळं आहे. फक्त यातलं काहीच नसलं तरी चालतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ट्रेनरला प्रमाणपत्राची सक्ती हवी. पण ते प्रमाणपत्र कशाचं, हे ठरवताना आपण मोठी चूक करून बसू अशी मला भीती आहे. त्याला स्वतःला किती वजन उचलता येतं, स्नायूंची लॅटिन नावं किती पाठ आहेत, याला मी फार किंमत देत नाही. समोरच्या माणसाला केव्हा थांबवायचं, हे त्याला कळतं का? परीक्षा याची हवी. ती मराठीत हवी, आणि तिची फी त्याच्या एका महिन्याच्या पगारात बसायला हवी.

पोरगा ज्या प्रमाणपत्राबद्दल विचारत होता ते परदेशी नावाचं होतं. परदेशी नावाचं आम्हाला वावडं नाही. जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणणारे लोक आम्ही. म्हणून अमेरिकेत पर्सनल ट्रेनर व्हायला नेमकं काय लागतं ते मी नीट बसून वाचून काढलं. तिथेही सरकारी परवाना असा नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन, अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन अशा खासगी संस्था परीक्षा घेतात, आणि या परीक्षा दर्जाच्या आहेत की नाहीत हे तपासणारी आणखी एक यंत्रणा त्यांच्या डोक्यावर आहे. चांगल्या जिमचे मालक आणि विमा कंपन्या प्रमाणपत्र मागतात म्हणून ते चालतं. आणि अटी काय? वय १८ पूर्ण, बहुतेक ठिकाणी शाळा संपलेली, आणि बंद पडलेलं हृदय छाती दाबून आणि शॉकच्या यंत्रानं पुन्हा चालू करण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, तोही मुदत न संपलेला. मग परीक्षा. पहिल्या संस्थेची तीन तासांत १५० प्रश्नांची, दुसरीची दोन तासांत १२० प्रश्नांची. पास झालं म्हणून जन्मभर मिरवता येत नाही. दर दोन वर्षांनी वीस तासांचं नवं शिक्षण दाखवलं नाही तर प्रमाणपत्र गेलं. काही संस्थांची मुदत तीन वर्षांची आहे.

पदवी नाही, शरीरसौष्ठवाचं पदक नाही, दंडाचा घेर नाही. एवढ्या थोड्या अटी बघून मी चकित झालो. आणि त्या थोड्या अटींतली जी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची, छाती दाबण्याची, नेमकी तीच आपल्याकडं कुणी विचारत नाही. माझ्या विद्यार्थ्याला ती येत नव्हती. त्याच्या जिममध्ये कुणालाच येत नव्हती. हृदय थांबल्यावर कुणी छाती दाबली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घसरते. १०८ ची गाडी कितीही तत्पर असली तरी वसमत रोडवरच्या संध्याकाळच्या गर्दीतून ती चार मिनिटांत येणार नाही. छातीच्या मध्यावर, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे एका दुपारी शिकवता येतं. मी स्वतः उशिरा शिकलो, आमच्या बी.पी.एड.च्या काळात प्रथमोपचार म्हणजे त्रिकोणी पट्टी बांधणं आणि स्ट्रेचर उचलणं.

मी जिमच्या वाटेला गेलो ते गुडघ्यामुळं. निवृत्ती जवळ आली होती, वय सत्तावन्न. डॉक्टर म्हणाले, मांडीचे स्नायू बळकट करा. परभणीतच एका जिममध्ये तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं, वर 'पर्सनल' लावलं, म्हणजे एक ट्रेनर फक्त माझ्यासाठी. (ही जिम विद्यार्थ्याची नव्हे, हेही सांगून ठेवतो.) मुलगा गोड होता. फॉर्मवर नाव, मोबाइल, जन्मतारीख, रक्तगट आणि 'फी परत मिळणार नाही' याखाली सही. मला काय आजार आहे, कुठली गोळी चालू आहे, याचा रकानाच नव्हता. मीही सांगितलं नाही. शारीरिक शिक्षणाचा मास्तर रक्तदाबाची गोळी खातो हे चारचौघांत सांगायचं जिवावर येतं. हा माझा दोष, कबूल.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं मला ट्रेडमिलवर पळवलं. त्याच्याकडं सूत्र होतं: २२० वजा वय. म्हणजे माझे १६३ ठोके ही कमाल, आणि त्याच्या अमुक टक्क्यांपर्यंत नाडी गेली पाहिजे. माझी नाडी काही वर जाईना. तो वेग वाढवत गेला. "सर, तुमचं हृदय लई आळशी हाय, अजून जोर लावा." मी जी गोळी घेत होतो तिचं कामच हृदयाचे ठोके वाढू न देणं हे आहे. ती चालू असलेल्या माणसाच्या नाडीवरून तो किती दमला हे ठरवता येत नाही. त्याला विचारावं लागतं, धाप बघावी लागते, बोलताना वाक्य तुटतं का ते ऐकावं लागतं. माझं वाक्य केव्हाच तुटलं होतं. मी नुसता मान हलवत होतो आणि तो त्याला होकार समजत होता.

त्यानंतर लेग प्रेस, म्हणजे पायांनी वजन लोटायचं यंत्र. "श्वास धरा सर, आणि लोटा." मी श्वास धरला, लोटलं, आणि सहाव्या-सातव्या वेळी डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाकावर आडवा पडून राहिलो. त्यानं ग्लुकोज आणून दिलं, मनापासून घाबरला होता. घरी येऊन वाचलं तेव्हा मीही घाबरलो. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी तरण्याताठ्या बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून जड लेग प्रेसच्या वेळचा रक्तदाब मोजला होता. सरासरी आला ३२० वर २५०. आपल्या डॉक्टरांच्या यंत्राचा काटाही तिथवर जात नाही. तरुण, निरोगी शरीर हे काही सेकंद सोसून जातं. श्वास कोंडून, सगळी ताकद एकवटून लोटणं हा वजन उचलणाऱ्या खेळाडूचा हक्क आहे. माझ्यासारख्याला "लोटताना श्वास सोडा" हे तीन शब्द सांगायला हवे होते. त्या मुलानं मला तेच शिकवलं जे त्यानं स्वतः केलं होतं, ज्याचा त्याला फायदा झाला होता. मला त्याचा राग आला नाही. ज्यांनी त्याला टी-शर्ट घालून उभं केलं त्यांचा आला.

असं कुठे बोललो की पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तोच सगळ्यात दमदार आहे. वस्तादांनी कुठली परीक्षा दिली होती? आमच्या मातीत राहुल आवारे झाला, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला जाताना रोज मैलोगणती रस्ता तुडवत होता, पुढं सैन्यात गेला आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णापर्यंत पोचला. लाल मातीत घडलेल्या पोरांच्या वस्तादाला कधी कुणी सर्टिफिकेट विचारलं का?

नाही विचारलं, आणि विचारायची गरजही नव्हती. पण तालमीत काय चालायचं ते आठवा. पोरगं दहा-बारा वर्षांचं असताना यायचं. पहिले कित्येक महिने माती उकरायची, पाणी मारायचं, मोठ्यांना रगडायचं. जोर-बैठका पाच, मग दहा, मग पंचवीस. वस्तादाला त्याचं घर माहीत, बाप माहीत, दूध किती पितो ते माहीत, गेल्या पावसाळ्यात टायफॉइड झाला होता तेही माहीत. वस्ताद त्याच गावात म्हातारा व्हायचा. पोराला काही झालं तर उद्या पारावर तोंड दाखवायचं होतं. माहिती आणि जबाबदारी, दोन्ही त्या व्यवस्थेच्या पोटातच होत्या, म्हणून कागदाची जरूर पडली नाही.

जिममध्ये येतो मोंढ्यातला आडत्या. वय पंचेचाळीस, साखर आहे, पोट सुटलंय, मुलाच्या लग्नाआधी कमी करायचंय, तीन महिने आहेत, पैसे आगाऊ भरलेत. ट्रेनर चार महिन्यांपूर्वी या जिममध्ये आला, सहा महिन्यांनी दुसरीकडं जाईल. दोघांना एकमेकांचं आडनाव धड माहीत नाही. वस्तादाच्या डोळ्यात जे आपोआप साठायचं ते इथं कुठून येणार? ते कागदावर प्रश्न लिहूनच मिळवावं लागतं. तालमीचा वारसा सांगून परीक्षेला विरोध करणाऱ्यांनी तालमीतली सावकाशी आधी परत आणावी.

आणि पहिल्याच दिवशी जे होतं ते बघा. नव्या गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून पहिल्या दिवशी त्याला कुटून काढायची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला नाही की तो खूश: "काय मस्त घेतलं राव!" थोडं अंग धरणं वेगळं. पण सवय नसलेल्या माणसाकडून अचानक शेकड्यांनी बैठका करून घेतल्या, त्यातून मे महिना, बाहेर ४३ अंश, आत पत्र्याचं छत आणि पाणी बेताचं, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला मालमसाला रक्तात उतरतो आणि मूत्रपिंड तुंबतं. लघवी काळ्या चहासारखी होते. ही खूण ट्रेनरला माहीत असली तर तो माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात धाडील. माहीत नसली तर "होतं सर सुरुवातीला" म्हणून आणखी दोन सेट मारून घेईल.

हाच प्रश्न भरतीच्या अकॅडम्यांना लागू आहे, किंबहुना तिथं जास्तच. लातूर, नांदेड, बीडकडं मैदानं भाड्यानं घेऊन शेकडो पोरं-पोरी पळवली जातात. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आणि डोक्यावर कर्ज आहे, तिथं हे ५० गुण म्हणजे काय हे मी नव्यानं सांगायला नको. म्हणूनच तिथली पोरं थांबत नाहीत. चक्कर आली तरी सांगत नाहीत. झारखंडमध्ये २०२४ साली उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटरच्या धावेदरम्यान दहाहून जास्त उमेदवार गेले. पळणारा स्वतः थांबणार नाही अशा ठिकाणी शिट्टी ज्याच्या गळ्यात आहे त्यालाच थांबवता आलं पाहिजे. अकॅडमी चालवणारे बरेचसे निवृत्त फौजी आहेत, शिस्तीचे आहेत, जीव लावणारे आहेत. पण फौजेत त्यांच्या मागं डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स उभी असायची, ती इथं नाही.

याच्या उलट टोकाला जाणारेही आहेत. २०२१ मध्ये कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार हृदयविकारानं गेले, २०२२ मध्ये ट्रेडमिलवर कोसळलेले विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव गेले. त्यानंतर आमच्या कॉलनीत दोन घरांनी पोरांची जिम बंद केली. हा वेडेपणा झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तरुणांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टींत घरात आधी असा मृत्यू झालेला असणं, कोविडमुळं दवाखान्यात राहावं लागलेलं असणं, दारू, नशा यांच्याबरोबर मृत्यूआधीच्या दोन दिवसांत झालेली अतिश्रमाची हालचालही आली. याचा अर्थ व्यायाम वाईट असा होत नाही. जोरकस व्यायामाआधी चार प्रश्न विचारा, असा होतो. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, हा त्यातला एक. तो विचारायला एमबीबीएस लागत नाही.

प्रश्न विचारण्याची ही पद्धत नवी नाही. कॅनडात १९७० च्या दशकात सात प्रश्नांची एक साधी यादी तयार झाली, आता तिची सुधारलेली रूपं जगभर वापरतात. डॉक्टरांनी हृदयाचा त्रास सांगितलाय का? श्रम करताना छातीत दुखतं का? गेल्या महिन्यात बसल्या जागी दुखलं का? चक्कर येऊन तोल गेला, शुद्ध हरपली असं झालं का? हाड-सांध्याचं काही आहे का? रक्तदाबाची, हृदयाची गोळी चालू आहे का? व्यायाम करू नये असं दुसरं काही कारण? एकाला जरी 'हो' आलं तरी आधी डॉक्टर, मग दांडी. एवढंच. मराठीत एका पानावर मावतं. मला त्यात आपला एक प्रश्न घालावासा वाटतो, जो अमेरिकेच्या दीडशे प्रश्नांत असणार नाही: आज उपवास आहे का? श्रावणातले सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे; परभणी, बीड, नांदेडच्या कुठल्याही जिममध्ये कुठल्याही दिवशी कुणीतरी उपाशी असतोच. त्यातला एखादा मधुमेहाची गोळी घेऊन आलेला असतो. त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, भलतंच बोलायला लागला, तर ते दमणं नव्हे, रक्तातली साखर घसरणं आहे.

बायकांच्या बॅचबद्दल वेगळं लिहावं लागेल इतकं आहे. दुपारी अकरा ते चार 'लेडीज' असा फलक असतो आणि शिकवायला तोच पोरगा. दांडी धरायची पकड सुधारताना हात लावू का, हे विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. बाळंतपणाला किती महिने झाले, टाके कसले होते, हे विचारायची त्याची हिंमत नाही आणि सांगायची तिची नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये सरकारी समितीपर्यंत गेला. त्या बायका जिमला येत नाहीत हे खरं, पण तरुणपणी पिशवी काढलेल्या बायका आमच्या शहरांतही आहेत, आणि बीजाशयंही काढलेली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हे जिने शिकवायचं तिला माहीत हवं. 'जिने' मुद्दाम लिहिलं. प्रशिक्षित मुलींसाठी हे काम आहे, आणि बी.पी.एड. झालेल्या कितीतरी मुली घरी बसून आहेत.

आता सरकारबद्दल. राज्याच्या क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकास योजना आहे. इमारतीला पैसे मिळतात, साहित्याला मिळतात. बागांमधून, देवळांच्या आवारातून, अगदी स्मशानाच्या भिंतीलगतसुद्धा 'खुली व्यायामशाळा' उभी राहिली. रंगीत लोखंड, वर मोठा फलक, फलकावर नाव. सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर अर्धं परभणी चालत असतं. परतताना लोक वाटेतल्या अशा यंत्रांवर बसतात. काकू पदर खोचून दोन्ही पाय झुलवतात, पोरं त्याचा झोपाळा करतात, एखादे आजोबा पाठीच्या यंत्रावर उलटेच बसलेले असतात. वर्षभरात बेअरिंग जातं. लोखंडाला अनुदान आहे, ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या माणसाला नाही. माणसाचं उद्घाटन करता येत नाही, ही त्याची अडचण.

सक्तीला विरोध करणाऱ्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त छळतो, कारण तो खरा आहे. कागद आला की कागद विकणारा येतो. शनिवार-रविवारच्या शिबिरात जेवणासकट प्रमाणपत्र देणारे आजच आहेत. उद्या सक्ती झाली तर त्यांची चांदी, वर तपासणीला येणाऱ्याचं पाकीट वेगळं. मरण कुणाचं, तर माझ्या विद्यार्थ्यासारख्याचं, ज्याला मिळतात बारा हजार आणि ज्याचं इंग्रजी 'बेंच प्रेस'च्या पुढं जात नाही. म्हणूनच मी परदेशी प्रमाणपत्राची सक्ती मागत नाही. इंग्रजी पुस्तक पाठ करून दिलेली परीक्षा पुण्या-मुंबईच्या पोरांना गाळणार नाही, हिंगोलीच्या पोरांना गाळेल, आणि गाळेल ती चुकीच्या कारणासाठी.

परीक्षा जिल्हा क्रीडा संकुलात व्हावी. तोंडी आणि प्रत्यक्ष. समोर एक बाहुला ठेवा आणि दोन मिनिटं छाती दाबून दाखवायला सांगा. ज्याला येत नाही तो तिथंच बाहेर. मग एक खरा माणूस उभा करा: पन्नाशीचा, गोळ्यांची चिठ्ठी खिशात असलेला, विचारल्याशिवाय काही न सांगणारा. (मी स्वतः उभा राहायला तयार आहे.) पोरानं काय विचारलं, काय नाही विचारलं, कुठे थांबवलं, ते बघा. परीक्षकांत एक फिजिओथेरपिस्ट, एक सरकारी रुग्णालयातला डॉक्टर, आणि एक वस्ताद हवा. वस्ताद हवाच, कारण नुसते डॉक्टर असले तर कुणालाच व्यायाम करू देणार नाहीत. वर्षानुवर्षं काम केलेल्यांना वर्ग न करता थेट परीक्षेला बसू द्यावं. पूर्वीचं शिक्षण मानण्याची ही तरतूद सरकारच्या कौशल्य योजनांत आहेच, नवा कायदा शोधायला नको. शाळेची अट दहावीची ठेवा, त्याहून वर नको. दोन-तीन वर्षांची मुदत द्या. आणि दंड करायचा तर मालकाला करा. बिनपरीक्षेचा पोरगा उभा करून 'पर्सनल'चे पैसे घेणारा तो आहे. पोराला त्यातलं काय मिळतं हे मला ठाऊक आहे.

त्या परीक्षेत एक भाग नकार देण्याचा असावा. आहाराचा तक्ता दे म्हटलं की आमचे ट्रेनर मोबाइलवरून उतरवलेला तक्ता देतात. सॅल्मन मासा, ॲव्होकॅडो, ब्रोकोली. सेलूत सॅल्मन कुठे मिळतो ते मलाही कळवा. ज्वारीची भाकरी, तूर, हरभरा, शेंगदाणे, अंडी, दही असताना हे हवं कशाला, हा एक भाग. पण मुळात साखर असलेल्या, किडनीचा त्रास असलेल्या माणसाला आहार ठरवून देणं हे ट्रेनरचं कामच नव्हे, आणि ज्या अमेरिकन संस्थांची नावं आपण टी-शर्टवर छापतो त्याही हेच बजावतात. साधारण काय खावं ते सांगा, आजाराचा आहार आहारतज्ज्ञाकडं. पावडरीचा डबा विकण्यात कमिशन असतं, त्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का हे बघायलाही अनेकांना सुचत नाही.

आणि सुई. यावर गप्प बसणं आता गुन्हा होईल. स्टिरॉइड ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं आहेत, ती जिमच्या बॅगेतून फिरतात. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणायचं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन व्यायामाआधी 'जोश' यावा म्हणून पोरं टोचून घेतात. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी त्याचा साठा पकडलेला आहे. रक्तदाब चढवणारं औषध घ्यायचं आणि वर श्वास कोंडून लेग प्रेस मारायचा. मघाचे ते ३२० वर २५० बिनऔषधाचे होते, लक्षात घ्या. यात ट्रेनर विकणारा असतो किंवा निदान बघणारा असतो. प्रमाणपत्र असेल तर ते काढून घेता येतं. टी-शर्ट काढून घेतला तर तो दुसऱ्या जिमचा घालतो.

विद्यार्थ्याला मी पन्नास हजार भरू नको म्हणालो. निदान आत्ता नको. आधी छाती दाबायला शिक म्हणालो, ती सोय ओळखीच्या डॉक्टरांकडून करून दिली. आणि ते सात प्रश्न, आठवा उपवासाचा, मी मराठीत लिहून दिले. त्यानं ते मोठ्या अक्षरांत छापून घेतले आणि काउंटरवरच्या 'फी परत मिळणार नाही' या पाटीशेजारी चिकटवले.

आठवडाभरात एका बी-बियाणे दुकानदारानं चौथ्या प्रश्नाला 'हो' म्हटलं. महिन्यापूर्वी दुकानातच चक्कर येऊन पडला होता. पोरानं त्याला आधी डॉक्टरला दाखवून या म्हणून परत पाठवलं. वर्षाचं पॅकेज होतं. मालक चिडला, कागद काढ म्हणाला, गिऱ्हाईक घाबरतंय. दुकानदार अजून परतलेला नाही, दवाखान्यात गेला की शेजारच्या जिममध्ये, ते माहीत नाही. कागद गेल्या रविवारपर्यंत तरी जागेवर होता, फक्त खालचा कोपरा कुणीतरी फाडलेला.